पेढीची किल्ली आणि खरेदीचे कार्ड

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या डाळ मिलमध्ये ऐन हंगामात बेअरिंग जाते. त्याची किंमत असते फार तर नऊशे रुपये. पण त्या नऊशे रुपयांपायी एलिव्हेटर थांबतो, एलिव्हेटर थांबला की चाळण्या थांबतात, आणि तुरीच्या गोण्या भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहतो. फोरमनला बेअरिंगचा नंबर तोंडपाठ असतो. ते कोणत्या दुकानात मिळेल हेही त्याला ठाऊक असते. अडते ते निराळ्याच ठिकाणी. शेठजी लग्नकार्यासाठी धुळ्याला गेलेले असतात, मुनीमजींजवळची रोकड सकाळीच हमालांच्या मजुरीत संपलेली असते, आणि बेअरिंगवाल्याची मागची बाकी दोन महिन्यांची झाल्यामुळे त्याला पुन्हा फोन करण्याचा कोणाला धीर होत नाही. शेवटी फोरमन स्वतःच्या खिशातून पैसे घालून वस्तू आणतो, कच्ची चिठ्ठी मुनीमजींच्या मेजावर ठेवतो, आणि ती चिठ्ठी आठवड्याने वहीत चढते. कधी चढतही नाही.

खानदेशातील कारखानदारीत हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की त्याला कोणी अडचण म्हणतच नाही. मात्र जगभरच्या उद्योगांनी व सरकारांनी नेमक्या याच अडचणीवर गेल्या चाळीस वर्षांत एक उपाय रुळवला आहे. त्याचे नाव ‘पर्चेस कार्ड’, म्हणजे खरेदीचे कार्ड. दिसायला ते खिशातील क्रेडिट कार्डासारखेच असते. म्हणूनच त्याच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

मोठी खरेदी आणि किरकोळ खरेदी यांच्यात एक गमतीचा विरोध असतो. तुरीचा ट्रक घ्यायचा तर शेठजी स्वतः बोलतात. भाव, ओलावा, वजन, मुदत सारे दहा मिनिटांत ठरते. तेथे पैसा मोठा आणि कागद थोडा. उलट पट्टा, ग्रीस, वेल्डिंगचे रॉड, ट्यूबलाइट, संगणकाचा कागद यांची बिले वर्षाकाठी शेकड्यांनी येतात. एकूण खरेदीत त्यांचा वाटा मिठाएवढा. पण शिस्तीच्या कारखान्यात त्यांतील प्रत्येकासाठी मागणीपत्र, दोन-तीन दरपत्रके, खरेदीचा आदेश, आवकेची नोंद, बिल, मंजुरी आणि बँकेचा भरणा एवढा सोपस्कार होतो. वस्तूपेक्षा तिच्या कागदाचा खर्च अधिक. आणि जेथे शिस्त नाही तेथे सोपस्कार नाही, पण हिशेबही नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारला हा खर्च प्रथम बोचला. १९८६ मध्ये तेथील काही खात्यांत कर्मचाऱ्यांच्या हाती मर्यादेचे कार्ड देऊन पाहण्याचा प्रयोग झाला आणि १९८९ मध्ये तो सर्व खात्यांना खुला झाला. १९९४ च्या एका कायद्याने २,५०० डॉलरपर्यंतच्या खरेदीला ‘सूक्ष्म खरेदी’ ठरवून तिला लांबलचक प्रक्रियेतून मोकळे केले. पुढे ही मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत गेली. ब्रिटनच्या सरकारने १९९७ मध्ये तोच मार्ग धरला. खाजगी कंपन्या त्याच सुमारास या वाटेने गेल्या. संगणकावरून खरेदी सुरू झाल्यावर तर कार्डाला खरे घर सापडले: पुरवठादाराची यादी पडद्यावर, मागणी पडद्यावर, आणि पैसेही तेथेच चुकते.

या कार्डावर कंपनीचे नाव असते आणि ज्याच्या हाती ते सोपवले त्या नोकराचेही. एका वेळी किती रुपयांपर्यंत खरेदी करता येईल, महिन्याला किती, आणि कोणत्या प्रकारच्या दुकानात, हे मालक आधी ठरवून देतो. प्रत्येक दुकानाला कार्डाच्या व्यवहारात चार आकडी वर्ग-क्रमांक असतो. हार्डवेअरच्या दुकानाचा ५२५१, सराफी पेढीचा ५९४४. फोरमनच्या कार्डावर ५२५१ उघडा ठेवला आणि ५९४४ बंद केला, तर ते कार्ड जळगावच्या सुवर्णबाजारात निरुपयोगी ठरते. महिनाअखेर बँक कंपनीला एकच यादी व एकच बिल देते. ऑनलाइन खरेदीसाठी तर एकाच मागणीपुरता चालणारा कार्ड क्रमांकही काढता येतो. ठरलेल्या रकमेचा व्यवहार झाला की तो क्रमांक मृत. थोडक्यात, मालकाने दिलेल्या परवानगीला घातलेले मोजमाप म्हणजे हे कार्ड. त्यातून मिळणारी महिन्याभराची उधारी हा त्याचा दुय्यम गुण आहे, आणि जाहिराती मात्र त्याचाच डांगोरा पिटतात.

हे सारे नवे वाटते. पण पेढीच्या जुन्या माणसाला त्यात ओळखीचे काही दिसेल. पूर्वी शेठजी कागदाच्या कपट्यावर दोन ओळी लिहून देत, ती चिठ्ठी घेऊन गडी दुकानी जाई, आणि दुकानदार अक्षर ओळखून माल देई. त्या चिठ्ठीत वस्तू लिहिलेली असे, वजन लिहिलेले असे, म्हणजे मर्यादाही असे. याच कल्पनेचे थोर रूप म्हणजे हुंडी. रेल्वे आल्यानंतर जळगाव कापसाची मोठी पेठ झाली, पण व्यापार हुंडीवर चालवण्याची रीत रेल्वेच्या कितीतरी आधीची. रोकड घोड्यावर वा बैलगाडीत घालून सातपुड्याच्या वाटेने नेण्यापेक्षा कागद नेणे शहाणपणाचे होते.

हुंडीच्या प्रकारांत ‘शाहजोग’ हुंडी विशेष विचार करण्यासारखी आहे. तिचे पैसे कोणालाही मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शाह’ म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातीच ते दिले जात. हुंडी चोरीस गेली तरी चोराला ती वटवण्यासाठी कोणा शाहाचे दार ठोठवावे लागे, आणि तेथेच तो उघडा पडे. मूळ कागद हरवला तर ‘पैठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपैठ’. पैसे चुकते झालेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवत. ओळखलेल्या दुकानातच चालणारे कार्ड, हरवल्यास निघणारे दुसरे कार्ड, व्यवहारानंतर राहणारी नोंद या सोयींची बीजे तेथे आहेत. इंग्रजांनी १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना त्यांनी पहिल्याच कलमात हात न लावता सोडून दिले. बाजाराने स्वतः घडवलेल्या शिस्तीची ती पावतीच म्हणायची.

फरक एवढाच, की हुंडी चालत असे ती पेढीच्या नावावर. कार्ड चालते ते मर्यादेवर. फोरमन कोणाचा मुलगा आहे हे यंत्र विचारत नाही.

खानदेशात खरेदीचे कार्ड अजून आलेच नाही असे समजणे मात्र चुकीचे होईल. ते पाहायचे तर धुळ्याला जावे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात, आणि त्या रस्त्यांवर धावणाऱ्या मालट्रकांचे मालक डिझेलसाठी कार्ड वापरतात. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचे ड्राइव्ह ट्रॅक प्लस ही नावे ट्रकमालकांच्या तोंडी आहेत. पूर्वी चालकाच्या हाती डिझेल, जकात, टोल, भत्ता यांची रोकड द्यावी लागे. रात्रीच्या प्रवासात ती लुटली जाण्याचे भय असे, आणि परतल्यावर हिशेबाची खटखट असे ती वेगळीच. आता कार्ड गाडीच्या नंबराशी जोडलेले असते. मालक घरबसल्या तिची मर्यादा ठरवतो आणि कोणत्या पंपावर किती डिझेल भरले ते त्याला लगेच कळते. टोलच्या रोकडीची जागा फास्टॅगने घेतली. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. चालक आणि मालक यांच्यातील अविश्वासाचा फार मोठा भाग या दोन वस्तूंनी काढून टाकला. चालकावरचा संशय गेला, हा लाभ मालकापेक्षा चालकाचा अधिक आहे.

ज्या ट्रकमालकाने डिझेलसाठी हे मान्य केले, तोच मालक आपल्या कारखान्याच्या भांडारपालाला मात्र कार्ड देत नाही. कारण विचारले तर उत्तर येते, ‘डिझेल ही एकच वस्तू, कारखान्यात हजार वस्तू.’ उत्तर खोटे नाही. पण किरकोळ खरेदी रोखीने करावी तर तेथेही वाट अरुंद झाली आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकराच्या हिशेबात मान्य होत नाही. २०१७ पूर्वी ही मर्यादा २०,००० होती.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. या विषयातील खरा पेच तेथे आहे. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या खात्यात ते एक-दोन दिवसांत जमा होतात; पण त्यातून बँकेचे शुल्क वजा होते. डेबिट कार्डाच्या शुल्कावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे, क्रेडिट कार्डाच्या शुल्कावर नाही. व्यावसायिक कार्डाचा दर बहुधा साध्या कार्डाहून चढा असतो. शेकडा दोन रुपये धरून हिशेब मांडला, तर एक लाखाच्या मालावर शुल्क दोन हजार, शिवाय त्यावर जीएसटी. तोच माल उधारीवर दिला आणि पैसे साठ दिवसांनी आले, तर वर्षाला शेकडा बारा व्याजाने त्या साठ दिवसांची किंमत १,९७३ रुपये होते. म्हणजे साठ दिवसांची उधारी आणि कार्डाचे शुल्क जवळजवळ सारखेच पडतात. गिऱ्हाईक तीस दिवसांत पैसे देणारे असेल तर उधारीची किंमत ९८६ रुपये, आणि मग कार्ड दुप्पट महाग ठरते. गिऱ्हाईक नव्वद दिवस लावणारे असेल तर कार्ड स्वस्त.

यातून जो निष्कर्ष निघतो तो जाहिरातीत सापडत नाही. सचोटीने वेळेवर पैसे देणाऱ्या पेढीने पुरवठादाराला मोठ्या रकमेसाठी कार्ड घे म्हणून आग्रह करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. डाळीच्या व्यापारात शेकडा दीड-दोनची प्राप्ती राहिली तरी व्यापारी समाधान मानतो; तेथे दोन टक्के बँकेला द्यायचे म्हणजे धंदाच द्यायचा. तुरीचा, कापसाचा, प्लास्टिकच्या दाण्याचा व्यवहार खात्यावर आणि आरटीजीएसनेच व्हावा हे उत्तम. नऊशे रुपयांच्या बेअरिंगवर मात्र दोन टक्के म्हणजे अठरा रुपये. दोन महिने बाकी मागत फिरण्यापेक्षा दुकानदार ते आनंदाने सोडील, आणि कारखान्यात त्या बिलामागे फिरणाऱ्या कारकुनाच्या चहाचाही खर्च त्याहून अधिक असतो. कार्डाची जागा तेथे आहे.

उधारीचा हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. जळगावची ओळख आज डाळ, पीव्हीसी पाइप, ठिबक सिंचन आणि प्लास्टिकच्या चटया यांची आहे. या उद्योगांभोवती साचे करणारे, सुटे भाग ओतणारे, खोकी-पिशव्या पुरवणारे शेकडो छोटे कारखानदार आहेत. त्यांतील कित्येकांनी घर गहाण ठेवून यंत्र घेतलेले असते. त्यांचे बिल नव्वद दिवस अडले की कामगारांचा पगार सावकाराच्या पैशातून होतो. मोठ्या गिऱ्हाइकाला तगादा लावावा तर पुढची मागणी दुसऱ्याकडे जाते. म्हणून तो गप्प बसतो. आणि त्याच्या गप्प बसण्यालाच व्यवहारात ‘संबंध चांगले आहेत’ असे म्हटले जाते.

कायद्याने या गप्प माणसाची बाजू घेण्याचा प्रयत्न केला आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. अनेक वर्षे हे कलम कागदावरच राहिले, कारण आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध दाद मागायला जाणार कोण? मग आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये ‘ह’ हे उपकलम घातले गेले आणि २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून चित्र पालटले. मुदत उलटल्यावरही वर्षअखेर न दिलेली अशी रक्कम खर्च म्हणून धरली जाणार नाही. ती ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी वजावट मिळेल. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेढ्यापेढ्यांत याचीच चर्चा होती. येथे एक बारकावा व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती; उशिराच्या देण्यावरील संरक्षण उत्पादक व सेवा देणाऱ्यांनाच आहे. साचे करणाऱ्या कारखानदाराला ते मिळते, बेअरिंग विकणाऱ्या दुकानदाराला मिळत नाही. किरकोळ खरेदीत कार्ड त्याच्याच उपयोगी पडते, हा योगायोग बरा आहे.

मोठ्या रकमांसाठी दुसरी एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने २०१७ पासून ‘ट्रेड्स’ ही ऑनलाइन व्यवस्था चालू झाली. छोट्या कारखानदाराचे बिल मोठा खरेदीदार तेथे मान्य करतो, बँका त्या बिलावर व्याजाची बोली लावतात, सर्वांत कमी बोलीची बँक कारखानदाराला लगेच पैसे देते, आणि मुदतीला खरेदीदार त्या बँकेला देणे फेडतो. खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी बँक ते कारखानदाराकडे मागू शकत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली; पूर्वी ही मर्यादा ५०० कोटी होती. येथे व्याज ठरते ते मोठ्या खरेदीदाराच्या पतीवर, त्यामुळे ते कार्डाच्या शुल्काहून सहसा पुष्कळ कमी पडते. हुंडी वटवण्याचीच ही नवी पेठ आहे.

कार्डाने मोठी देणी भागवण्याचा एक आडमार्ग मध्यंतरी फार लोकप्रिय झाला होता. पुरवठादार कार्ड घेत नसेल तर मधली एक कंपनी खरेदीदाराच्या कार्डातून पैसे काढी आणि पुरवठादाराच्या खात्यात बँकेमार्फत पाठवी. खरेदीदाराला पन्नास दिवसांची सवड मिळे, पुरवठादाराला काही कळतही नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका कार्ड संस्थेला ही रीत थांबवायला सांगितले. मधल्या कंपनीच्या खात्यात मोठमोठ्या रकमा जमा होतात, ते खाते कायद्याने ठरवलेले नाही, आणि पैसे पाठवणाऱ्याची व घेणाऱ्याची पुरेशी माहिती व्यवहारासोबत जात नाही, असे तिचे आक्षेप होते. व्यावसायिक कार्डाच्या नेहमीच्या वापरावर बंधन नाही, हेही तिने त्याच वेळी स्पष्ट केले. ज्यांनी घरभाडे आणि कच्च्या मालाची बिले याच वाटेने देऊन रोकड फिरवत ठेवली होती, त्यांची त्या महिन्यात तारांबळ उडाली. त्याआधी २०२२ च्या आणि नंतर मार्च २०२४ च्या आदेशांनी कार्ड देणाऱ्या बँकेवर व्यावसायिक कार्डाचा पैसा धंद्यातच जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी टाकली आहे. हे कार्ड कॅश क्रेडिटच्या खात्याला जोडूनही देता येते. ज्या पेढीची अशी मर्यादा मंजूर आहे तिला नव्याने कर्ज मागण्याचे कारण पडत नाही.

सरकारी खरेदीचे गणित थोडे वेगळे. भुसावळचा रेल्वे विभाग, भुसावळ व वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचे वीज केंद्र यांना लागणाऱ्या किरकोळ वस्तूंवर जिल्ह्यातील कितीतरी दुकाने चालत आली आहेत. केंद्राने ९ ऑगस्ट २०१६ रोजी ‘जेम’ हे ऑनलाइन खरेदीचे दालन उघडले आणि स्पर्धा एकदम देशभराची झाली. लहान खरेदीला तेथेही मोकळीक आहे: २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकाशिवाय घेण्याची मुभा दिली. अट एकच. अधिकाऱ्याने स्वतः लिहून द्यायचे, की वस्तू हव्या त्या दर्जाची आहे, विक्रेता भरवशाचा आहे आणि भाव वाजवी आहे याची आपली खात्री झाली आहे. यंत्रावर सोडून न देता माणसाच्या सहीवर ठेवलेली ही अट खाजगी कारखान्यांनीही उचलावी अशी आहे.

कारण कार्डाचा दुरुपयोग होतो, आणि तो कसा होतो हे अमेरिकेने भोगले आहे. २००१ व २००२ मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षकांनी सॅन दिएगो येथील नौदलाच्या दोन केंद्रांची कार्डे तपासली, तेव्हा घरगुती व चैनीच्या वस्तू सरकारी पैशांनी घेतल्याचे उघड झाले. मर्यादा चुकवण्यासाठी एकाच खरेदीचे दोन-तीन तुकडे करणे ही तर सर्वत्र आढळणारी युक्ती. २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नेमके उलटे घडले. खर्चकपातीच्या मोहिमेत तेथील सरकारी कार्डे गोठवण्याचा आदेश निघाला. काही खात्यांत कार्डाची मर्यादा १ डॉलरवर आणली गेली आणि प्रयोगशाळांपासून बागांपर्यंत लहानसहान खरेदी ठप्प झाली. संशय आला म्हणून सगळ्यांचीच किल्ली काढून घेणे हा उपाय खानदेशातील पेढ्यांनाही अपरिचित नाही.

दुरुपयोगाला आवर घालणारी गोष्ट अगदी साधी आहे: ज्याच्या हाती कार्ड आहे त्याने महिनाअखेरची यादी स्वतः मंजूर करू नये. फोरमनची यादी मुनीमजी पाहतील, मुनीमजींची शेठजींचे चिरंजीव पाहतील, आणि चिरंजीवांची कोणीतरी पाहीलच. हे ‘कोणीतरी’ कोण, हा प्रश्न एकत्र कुटुंबाच्या पेढीत अवघड होतो. चार भाऊ, त्यांची आठ मुले, सगळ्यांच्या खिशात कंपनीचे कार्ड, आणि घरचा किराणा व दुकानचा खर्च एकाच यादीत. तेथे बँकेचे यंत्र काही करू शकत नाही. वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याने ‘माझीही यादी तपासा’ असे म्हटले, तरच धाकटे मुकाट्याने आपली पुढे करतात.

दुसरी अडचण कागदाची. कार्ड ओढल्यावर मिळणारी पट्टी म्हणजे बिल नव्हे. पेढीचा जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घेतले नाही तर कराची वजावट जाते, आणि अठरा टक्के कर गमावून दोन महिन्यांची सवड मिळवण्यात काही शहाणपण नाही. परदेशांत कार्डाच्या व्यवहारासोबतच वस्तूचे नाव, नग, दर व कर ही माहिती बँकेकडून येते. आपल्याकडे ते काम निराळ्या मार्गाने होऊ लागले आहे: ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या विक्रेत्यांना व्यापारी बिल सरकारी संकेतस्थळावर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. बेअरिंगचे छोटे दुकान त्या मर्यादेच्या खाली असते. म्हणून तेथे फोरमनने बिल मागून घ्यायलाच हवे.

त्या छोट्या दुकानात कार्डाचे यंत्रही बहुधा नसते. क्यूआरचा फलक मात्र असतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि त्यामुळे त्या फलकावरूनही कार्डाने पैसे देणे शक्य झाले आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये मर्यादेची खास क्रेडिट कार्डे जाहीर झाली, पहिल्या वर्षी १० लाख कार्डे देण्याचे लक्ष्य ठेवून. म्हणजे काल ज्याला उधारी मागताना संकोच वाटे, त्या साचेवाल्याच्याही खिशात उद्या कार्ड असेल.

पेढीची किल्ली कमरेला बांधून फिरणारी पिढी अजून पुष्कळ घरांत आहे. तिजोरी उघडायची तर बाबूजींना उठवावे लागे, हे ऐकून नातवंडे हसतात. मात्र त्याच घरांत आज कारकून संगणकासमोर बसून सहाशे रुपयांची ग्रीस मागवतो, सारे रकाने भरतो, आणि मग थांबतो. कारण ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर गेलेला असतो, शेठजी व्याख्यानाला बसलेले असतात, आणि मोबाइल बंद असतो. कार्ड फोरमनच्या नावाचे काढले आणि मोबाइल क्रमांक मालकाचा ठेवला, तर किल्ली कमरेवरून खिशात आली एवढेच. बँकेच्या अर्जात त्या क्रमांकासाठी एक रकाना असतो. तेथे कोणाचा नंबर लिहायचा हे घरी बसून आधी ठरवावे, आणि मग सही करावी.